सिटीतलं पार्किंग, सेवासदनाची जमीन आणि भाडेपट्टा: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात गिऱ्हाईक असो, गणपती मंडळाची मीटिंग असो, नाहीतर कोणाच्या मुंजीत जेवायच्या पंगतीला बसलेले असू, लोक मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतेय. मी दांडिया बाजारात वाढले, लग्न होऊन रावपुऱ्यात आले, नवा बाजारात आमचं मॅचिंगचं छोटं दुकान आहे, त्यामुळे गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक परत जाणं म्हणजे काय ते मला रोज दिसतं. सेवासदनाच्या, म्हणजे आपल्या महानगरपालिकेच्या, सामान्य सभेच्या अजेंड्यावर पार्किंगचा किंवा जमिनीचा विषय असला की मी दुकान पुतण्यावर टाकून ऐकायला जाते. वकील नाही मी, पण कागद वाचायची सवय लागलीये.

"सिटीत पार्किंग नाही" म्हणतात तेव्हा सिटी म्हणजे नक्की कुठे?

लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांच्या आतलं जुनं गाव, मध्ये मांडवी, आणि त्याला चिकटून न्यायमंदिर, सुरसागर, मंगळ बाजार, नवा बाजार, रावपुरा, दांडिया बाजार. हे रस्ते घोडागाडी आणि पायी माणसांसाठी आखलेले, पोळीत, म्हणजे जुन्या घरांच्या गल्लीत, तर दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकाला भिंतीला टेकावं लागतं. अलकापुरीत नाहीतर वासणा-भायलीत राहणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, ते म्हणतात रस्ता रुंद करा, आणि रुंद करायला कोणाचं घर पाडायचं ते मात्र कोणी बोलत नाही.

ही सगळी जागा सरकारचीच ना, मग एवढी चर्चा कशाला?

सरकारची म्हणजे कोणाची हेच आधी बघायचं. रस्ता आणि फूटपाथ सेवासदनाकडे, काही मोकळे तुकडे कलेक्टरकडे, काही देवस्थानांच्या ट्रस्टकडे, काही जुन्या खासगी मालकीचे ज्यांच्यावर वर्षानुवर्षं लोक गाड्या लावतायत म्हणून ते सगळ्यांना सार्वजनिक वाटतात. सिटी सर्व्हे ऑफिसात प्रॉपर्टी कार्ड निघतं, त्यावर मालकाचं नाव असतं. कुठल्याही प्लॉटवर पार्किंग होणार असं ऐकलं की पहिलं ते कार्ड बघावं, निम्मी भांडणं तिथेच संपतात, कारण जी जागा सेवासदनाची नाहीच ती सभा भाड्याने देणार कशी?

आणखी एक फरक लक्षात ठेवा. नव्या एरियात टाउन प्लॅनिंग स्कीम असते, १९७६ च्या गुजरात टाउन प्लॅनिंग कायद्याप्रमाणे प्रत्येक जमीनमालकाकडून थोडी थोडी जमीन कापून रस्ते, बागा, सार्वजनिक प्लॉट काढतात, आणि १५ टक्क्यांपर्यंत जमीन विकून खर्च भागवायलाही राखता येते. त्यामुळे तिकडे सेवासदनाच्या हातात प्लॉट आहेत. जुन्या सिटीत असं काही नाही, इथे एक-एक मोकळा तुकडा म्हणजे शेवटचाच तुकडा, एकदा हातातून गेला की दुसरा मिळणार नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

निर्णय नक्की कोण घेतं? मेयर की कमिशनर?

माझे मामेभाऊ पुण्याला असतात, ते म्हणतात तुमच्या गुजरातचं आम्हाला काय कळणार. मी त्यांना सांगते, कायदा एकच आहे हो, १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा, राज्यं वेगळी झाल्यावर दोन्हीकडे तोच चालू राहिला आणि पुढे नावं तेवढी बदलली, तिकडे महाराष्ट्र लागलं, इकडे गुजरात.

तर त्या कायद्यात तीन पायऱ्या. कमिशनर हे राज्य सरकारने नेमलेले आयएएस अधिकारी, दरखास्त तेच मांडतात आणि अंमलबजावणीही तेच करतात. मग १२ नगरसेवकांची स्थायी समिती, जिला सगळे "स्टँडिंग" म्हणतात, पैशाचे बहुतेक विषय तिथून जातात. आणि वर सामान्य सभा, १९ वॉर्ड, प्रत्येकी ४ म्हणजे ७६ नगरसेवक. मेयर सभा चालवतात, पण सही करून जमीन देऊन टाकायचा अधिकार त्यांच्या एकट्याकडे नाही. म्हणून मेयरना शिव्या घालून काही उपयोग नसतो, विषय स्टँडिंगमध्ये असतानाच आपल्या वॉर्डच्या चौघांना गाठायचं, सभेत येईपर्यंत बहुतेक वेळा ठरून गेलेलं असतं. आणि स्टँडिंगच्या अजेंड्यावर शेवटच्या क्षणाला "वधाराचं काम", म्हणजे जादाचं काम, म्हणून जे विषय चढतात त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा, जमिनीसारखा विषय घाईघाईत घ्यायची गरजच काय, जमीन कुठे पळून जात नाही.

पार्किंग बांधायला पैसे कुठून येतात?

पूर्वी जकात होती, गुजरातमध्ये ती २००७ साली गेली, त्याबदली राज्य सरकार ग्रँट देतं. सेवासदनाचं स्वतःचं म्हणजे घरवेरा, पाणीवेरा वगैरे (वेरा म्हणजे कर), त्यातून पगार, सफाई, दिवाबत्ती निघते. मोठ्या बांधकामाला राज्याची स्वर्णिम जयंती योजनेची ग्रँट, केंद्राच्या योजना, किंवा कर्ज. २०२२ साली आपल्या सेवासदनाने १०० कोटींचे बाँड बाजारात विकले, ७.१५ टक्के व्याजाने, ते पाणी आणि ड्रेनेजच्या कामांसाठी होते, आणि लोकांनी ते उड्या मारून घेतले.

मग लोक विचारतात पार्किंगसाठी पण बाँड काढा ना. त्यासाठी हिशोब करून बघू, आकडे मी समजण्यापुरते धरलेत. समजा २०० गाड्यांचं मल्टिलेव्हल बांधायला २० कोटी लागले. ७.१५ टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज १ कोटी ४३ लाख. म्हणजे एका गाडीच्या जागेमागे वर्षाला ७१,५०० रुपये, दिवसाला जवळजवळ १९६ रुपये, आणि यात मुद्दल नाही, लिफ्टचं मेंटेनन्स नाही, माणसांचा पगार नाही. एका गाडीकडून २० रुपये घेतले तर त्या एकाच जागेवर रोज दहा गाड्या येऊन जायला पाहिजेत, रविवार सोमवार सगळे दिवस धरून. बाजार सकाळी साडेदहा-अकराला उघडतो आणि रात्री नऊला बंद होतो, दहा गाड्या कशा फिरणार? एवढ्यासाठी पार्किंगचा टॉवर स्वतःचे पैसे स्वतः काढतो असं कोणी सभेत म्हणालं की मी वहीत टीप करते.

म्हणजे बांधूच नये असं नाही. पण मग सरळ सांगा की हे वेऱ्याच्या पैशातून होणार, नाहीतर नव्या एरियातला एखादा प्लॉट विकून होणार, आणि मग गोत्री-भायलीचा माणूस विचारेल की माझ्या भागातला प्लॉट विकून तुमच्या बाजाराला पार्किंग का. त्याचा प्रश्न बरोबर आहे. त्याला उत्तर द्यायची जबाबदारी आमची, बाजारवाल्यांची.

बिल्डर फुकट बांधून देतो म्हणतोय तर देऊन टाका ना जागा!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे भले लोक असतात, त्यांना खरंच वाटतं सेवासदनाचा एक रुपया न लागता काम होईल. याला पीपीपी म्हणतात, जमीन आपली, बांधकाम त्याचं, त्याबदल्यात खालचे दोन मजले दुकानं त्याची, वर पार्किंग. आता विचार करा, जिथे आधीच गाड्यांची गर्दी आहे तिथे अजून पन्नास दुकानं आली तर त्या दुकानांचे मालक, नोकर, गिऱ्हाईक, मालाचे टेम्पो लावणार कुठे? त्याच पार्किंगमध्ये. वर्षभरात ते पार्किंग त्या दुकानांचंच होऊन जातं आणि आपण परत रस्त्यावर.

लखनौचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. अमीनाबादच्या भर बाजारात झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग, तिथल्या महापालिकेने ती एका बिल्डरला दिली, बागेखाली जमिनीच्या पोटात मार्केट आणि पार्किंग बांधायला. टेंडर नाही, काही नाही. लोक कोर्टात गेले, आणि १९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पालिका या जागेची विश्वस्त आहे, मालक असल्यासारखी वाटेल तशी देऊ शकत नाही, बांधलेलं तोडा आणि बाग परत करा. उभं राहिलेलं बांधकाम तोडायला लावलं कोर्टाने! विश्वस्त हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या आईने दागिने सांभाळायला दिले म्हणून ते गहाण टाकायचा अधिकार मिळत नाही.

भाडेपट्टा म्हणजे विकणं थोडंच आहे? ३० वर्षांनी जमीन परत येते की.

३० वर्षांनी मी ऐंशीच्या पुढे असेन. पट्टा संपला की मुदतवाढ, मुदतवाढ संपली की कोर्टात दावा, तोवर आत पोटभाडेकरू, त्यांचे पोटभाडेकरू. आपल्या सिटीत असे जुने गाळे कोणाच्या दुकानाशेजारी नाहीत? भाडं आजोबांच्या काळातलं आणि पागडी आजच्या भावाची.

लांब मुदतीचं काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं शिकागो. तिथल्या मेयरनी २००८ च्या डिसेंबरमध्ये शहरातले रस्त्यावरचे सगळे, जवळजवळ ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला द्यायचा प्रस्ताव आणला, बदल्यात एकरकमी साधारण ११५ कोटी डॉलर. घोषणा झाली आणि दोन दिवसांत सिटी कौन्सिलने ४० विरुद्ध ५ मतांनी पास केला. दोन दिवस! आपल्याकडे सोसायटीच्या टाकीचा विषय याच्याहून जास्त चालतो. पुढे रेट भराभर वाढले, लोक चिडले, आणि शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलनी तपासणी करून २००९ मध्ये सांगितलं की हे मीटर स्वतःकडे ठेवले असते तर त्यांची किंमत अजून ९७ कोटी डॉलरने जास्त भरली असती. एकरकमी पैसा बजेटची भोकं बुजवण्यात थोड्याच वर्षांत संपत आला, पट्टा अजून चालूच आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शहराने मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला तर बुडालेल्या मीटरचे पैसे कंपनीला भरून द्यायचे असं करारात लिहिलेलं.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिराचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, गणपतीत दहा दिवस दांडिया बाजार आणि जुनीगढीकडे गाडी फिरकू शकत नाही, नवरात्र आहे, ताजिये आहेत. असल्या करारावर कोणी सही केली तर आपल्याच रस्त्यावर आपला देव न्यायचा म्हणून आपण ठेकेदाराला नुकसानभरपाई द्यायची का? मी सभेला जाते ती मुख्य या भीतीने जाते.

मग जमीन अजिबात भाड्याने देऊच नये असं तुमचं म्हणणं आहे?

नाही. द्यावी, पण थोड्या वर्षांसाठी, उघड लिलाव करून, आणि करार लोकांना आधी वाचायला देऊन. कायद्याचं कलम ७९ बघा. बारा महिन्यांपर्यंतचा पट्टा कमिशनर स्वतः देऊ शकतात, त्याच्या पुढे स्थायी समिती आणि सभेची मंजुरी लागते, आणि भाडं किंवा प्रीमियम बाजारभावापेक्षा कमी नसावं असं त्यातच लिहिलंय. म्हणजे "अमुक संस्थेला टोकन भाड्याने" असा ठराव आला की सरळ विचारायचं, बाजारभाव काय काढलात, कोणी काढला, कागद दाखवा.

यात एक चोरवाट पण आहे. दर वर्षी अकरा महिन्यांचा करार करायचा, एक दिवस मध्ये सोडायचा, परत अकरा महिने, असं करत करत तोच माणूस पंधरा वर्षं त्याच जागेवर. कागदावर सगळं नियमात. म्हणून एका वर्षाचा पट्टा बघताना त्याच्या आधीची वर्षं पण बघायची.

माझ्या मते पार्किंगच्या जागेला तीन ते पाच वर्षं पुरे. त्यात ठेकेदाराला पण कमवायला मिळतं आणि पाच वर्षांनी गाव बदललं तर आपल्याला पण बदलता येतं.

आम्ही वेरा भरतो, मग पे अँड पार्कचे पैसे वेगळे का द्यायचे?

कारण एका गाडीला नुसती उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, वळायला, आत-बाहेर करायला धरली तर मोकळ्या प्लॉटवर साधारण २३ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फुटाच्या आसपास. पोळीत एवढ्या जागेत अख्खं कुटुंब राहतं. ज्याच्याकडे गाडीच नाही, जो पाणीगेटहून चालत येतो, तोही वेरा भरतो, त्याच्या पैशाच्या जागेवर आपली गाडी तासन्‌तास उभी. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात हेच म्हटलंय की शहरातली जमीन महाग आहे आणि पार्किंगची फी त्या जमिनीच्या किमतीला धरून असावी. मला हे आधी आवडलं नव्हतं, दुकानदार म्हणून फुकट पार्किंग मलाही हवं होतं. मग एक आठवडा मी दुकानासमोरच्या गाड्या बसून लिहून काढल्या, तर निम्म्याहून जास्त आमच्याच बाजारातल्या दुकानदारांच्या निघाल्या, सकाळी लावलेल्या त्या रात्री हललेल्या. गिऱ्हाइकाची जागा आम्हीच खात होतो. तेव्हापासून मी स्कूटर लांब लावून चालत येते.

स्कूटरला मात्र रेट कमीच हवा, एका गाडीच्या जागेत आरामात चार स्कूटर बसतात.

पण मॉलमध्ये तर पैसे घ्यायला कोर्टाने मनाई केलीये ना?

ते वेगळं. मॉल-मल्टिप्लेक्सला बांधकामाची परवानगीच पार्किंग देण्याच्या अटीवर मिळते, म्हणून गुजरात हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की त्याची फी घेता येणार नाही. रस्ता आणि सेवासदनाचा प्लॉट हे त्यात येत नाहीत. पण त्याच नियमाने एक उलटा प्रश्न जरूर विचारा: सिटीतल्या ज्या कॉम्प्लेक्सांनी प्लॅनमध्ये बेसमेंट पार्किंग दाखवलं आणि तिथे गोडाऊन नाहीतर दुकानं काढली, ती आधी मोकळी का करत नाही? नवीन टॉवर बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, जागा तयारच आहे.

पे अँड पार्कचे पैसे जातात कुठे?

सगळे म्युनिसिपल फंडात, वेऱ्यात मिसळून. नवा बाजारात जमलेला रुपया नवा बाजारात दिसत नाही, आणि माझी खरी मागणी इथे आहे. कॅलिफोर्नियात पासाडेना म्हणून गाव आहे, तिथला जुना बाजार मोडकळीला आलेला, दुकानदारांनी मीटरला कडाडून विरोध केला. १९९३ मध्ये पालिकेने सांगितलं की मीटरचे पैसे याच बाजारात खर्च करू, फूटपाथ, दिवे, झाडं, सफाई. दुकानदार लगेच तयार झाले, आणि तो बाजार परत उभा राहिला. डोनाल्ड शूप नावाचे एक प्रोफेसर होते, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की पार्किंगचा पैसा जिथून येतो तिथेच दिसला तर लोक स्वतःहून देतात.

आपल्याकडे हे करायला अमेरिका व्हायला नको, सभेने ठराव करून त्या बाजाराच्या नावाने हिशोब वेगळा ठेवला की झालं. मंगळ बाजारात बायकांसाठी एक स्वच्छ संडास, मांडवीभोवती पुरते दिवे, एवढं जरी त्या पैशातून झालेलं दिसलं ना, तरी मी स्वतः दुकानादुकानात जाऊन पावती फाडायला लोकांना सांगेन.

पथारेवाले आणि लारीवाले हटवले की पार्किंग होईल, बरोबर?

मंगळ बाजारात लोक येतातच त्यांच्यासाठी. दबाणवाल्यांची, म्हणजे अतिक्रमण हटवणाऱ्यांची, गाडी आली की तेवढ्यापुरतं मोकळं होतं, मग त्याच जागेवर मोटरसायकली लागतात, चालणाऱ्याला काय फरक पडला? शिवाय २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, टाउन व्हेंडिंग कमिटीत ४० टक्के सभासद विक्रेतेच असायला हवेत आणि सर्व्हे झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. मला स्वतःला पथाऱ्यांचा त्रास होतो, दुकानाचा दरवाजा झाकला जातो, तरी गाडी उभी करायला माणसाचं पोट उठवायचं हे मला पटत नाही.

सुरसागरजवळ अंडरग्राउंड पार्किंग केलं तर?

२०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस पडला तो आठवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, बेसमेंटमधल्या गाड्या बुडून सडल्या, आमच्या नणंदेची पण. तळ्याच्या काठाला जमिनीखाली पार्किंग बांधायचं आणि दर पावसाळ्यात पंप लावून बसायचं, हे मला मान्य नाही. कोणी दरखास्त आणलीच तर पाण्याचा अभ्यास आधी टेबलावर ठेवायला लावा.

न्यायमंदिर रिकामं पडलंय, त्याच्या आवारात पार्किंग करायला काय हरकत?

१८९६ ची इमारत, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाईंचं नाव तिला दिलेलं. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं. कोर्ट होतं तेव्हा वकिलांच्या आणि पक्षकारांच्या गाड्यांनी हा सगळा भाग गच्च असायचा, ते गेल्यावर थोडा श्वास आला. ती जागा दिसली की सगळ्यांना गाड्याच दिसतात, मला तिथे म्हातारी माणसं बसलेली दिसतात. आवाराच्या कडेला स्कूटर लावू द्या फार तर, पण पट्टे आखून ते पार्किंग म्हणून कोणाला ठेक्याने देऊ नका, एकदा ठेका गेला की तिथे म्युझियम की बाग हा प्रश्नच संपेल.

ठेकेदाराच्या माणसाने जास्त पैसे घेतले, पावती पण नाही दिली. काय करायचं?

माझ्याच बाबतीत झालंय. पाटीवर एक रेट, मुलगा मागतो दुप्पट, पावती मागितली तर म्हणतो पुस्तक संपलं. मी वाद न घालता पाटीचा फोटो काढला, वेळ लिहिली, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आणि इनवर्ड नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, तिसऱ्या अर्जानंतर पाटी मोठ्या अक्षरात लागली आणि पावती मिळायला लागली. त्या मुलाला रागावून काय होणार, त्याला रोजावर ठेवलंय, वरून सांगितलेलं तो करतो. अर्ज लेखीच द्या, तोंडी तक्रार कुठेच राहत नाही.

आम्ही सामान्य माणसं, आमचं कोण ऐकणार?

सभा लोकांसाठी उघडी असते, बहुमताने बंद केली नाही तर कोणीही बसून ऐकू शकतं. बोलता येत नाही, पण गॅलरीत आपल्या वॉर्डचे चार चेहरे बसलेले दिसले की नगरसेवक उठून दोन वाक्यं तरी बोलतात, हे मी बघितलंय. करार हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, गुजरातमध्ये फी २० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोघम मागू नका, "पार्किंगची माहिती द्या" म्हटलं की मोघमच उत्तर येतं. अमुक प्लॉटचा करारनामा, त्याचं टेंडर, बाजारभाव ठरवल्याचा कागद, आणि ठेकेदाराने गेल्या तीन वर्षांत भरलेल्या रकमेच्या पावत्या, असं एकेक लिहा.

आणि बजेटच्या आधी बोला. कमिशनर ड्राफ्ट बजेट स्टँडिंगला देतात, मग फेब्रुवारीत सभेत चर्चा होते. मार्चमध्ये ओरडून उपयोग नाही, दिवाळी झाली की कामाला लागायचं. आमच्या आजी सेवासदनाला शेवटपर्यंत सुधराई म्हणायच्या, जुना शब्द, आणि सुधराईत काही मागायचं तर पाऊस संपला की जा, हे त्यांचंच.

सभेला यायचं म्हटलं तर खंडेराव मार्केटला, सेवासदनाच्या ऑफिसात, गाडी कुठे लावू?

गाडी आणू नका. सिटी बसने किंवा शेअर रिक्षाने या, जुबिलीबागेशी उतरा, तिथून चालत या, आणि येताना मला दुकानातून हाक मारा, सोबतच जाऊ.